पुरवणी कशाची काढायची?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमशी नव्याने ओळख झालेला माणूस थोड्याच दिवसांत एक प्रश्न विचारतो. नियमांचं जाडजूड पुस्तक घेतलं, फासे घेतले, चार मित्र जमवले. मग आता भयकथांचं वेगळं पुस्तक, अवकाशप्रवासाचं वेगळं, प्राचीन रोमचं वेगळं, हे कशासाठी? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आणि तो जास्त मोलाचा आहे. रोमचं पुस्तक निघतं, सशांचंही निघतं, पण कितीतरी लोकप्रिय विषयांचं निघत नाही किंवा निघून धूळ खात पडतं. असं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायचं तर आधी पहिला सोडवावा लागेल.

१. मूळ पुस्तक आणि पुरवणी

हा खेळ मुख्यतः बोलण्यावर चालतो. एकजण गेम मास्टर होतो, त्याला सगळे जीएम म्हणतात. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्रांची मिळून एक टोळी होते. जीएम प्रसंग सांगतो: समोर वीस फुटांची भिंत आहे, पलीकडे कुत्री भुंकतायत. खेळाडू म्हणतो, मी भिंत चढतो. चढता येईल की नाही याची खात्री नसेल तर फासे टाकायचे. ‘गर्प्स’ नावाच्या, १९८६ साली आलेल्या अमेरिकन खेळात सहा बाजूंचे तीन फासे टाकतात. चढण्याचं कौशल्य १२ असेल तर बेरीज १२ किंवा त्याहून कमी आली की काम फत्ते. अशी शक्यता साधारण ७४ टक्के असते. कौशल्य १० असेल तर ती बरोबर ५० टक्के असते.

मूळ पुस्तकात असे सर्वसाधारण नियम असतात. पुरवणी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत सप्लिमेंट, त्यावर काहीतरी नवं चढवते. या छंदाची सुरुवातच अशी झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली पुरवणी ‘ग्रेहॉक’ निघाली. त्यात राक्षस आणि मंत्रतंत्र भरपूर होतेच, पण लोकांच्या हाती खरा पडला तो ‘थीफ’. कुलूप उघडणारा, सापळा निकामी करणारा, अंधारात दबा धरून बसणारा चोर. तोवर भुयारात शिरून लढायचं किंवा मंत्र टाकायचा, एवढंच होतं. आता न लढताही पुढे जाता येऊ लागलं. पुरवणीने टेबलावर एक नवं काम आणलं.

हे ‘नवं काम’ लक्षात ठेवा. माझ्या मते जॉनर, म्हणजे कथाप्रकार, निवडण्याची किल्ली तिथेच आहे.

२. जॉनर टेबलावर काय करतो

नारायण धारपांची कादंबरी हातात घेणाऱ्या वाचकाला काही गोष्टी आधीच कबूल असतात. वाड्यात काहीतरी आहे, ते लगेच दिसणार नाही, आणि शहाणी माणसंही रात्री तिथे थांबणार आहेत. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा उघडली की गुन्हेगार शेवटी सापडणार याची खात्री असते. जॉनर म्हणजे असा न बोलता झालेला करार.

कादंबरीत तो लेखक आणि वाचक या दोघांतच असतो. टेबलावर मात्र पाच जण एकाच वेळी एकच गोष्ट रचत असतात. त्यातल्या एकाला ती भयकथा वाटते आणि दुसऱ्याला विनोदी, असं झालं तर संध्याकाळ फुकट जाते. म्हणून पुरवणीसाठी जॉनर बघताना पहिली अट अशी: टेबलावरच्या सगळ्यांना त्याचे रीतिरिवाज आधीच माहीत हवेत. वेस्टर्न म्हटलं की अमेरिकेतल्या खेळाडूला सलून, शेरीफ आणि रेल्वेवरचा दरोडा समजावून सांगावा लागत नाही. जीएमला सुरुवातीला तासभर व्याख्यान द्यावं लागत असेल तर निवडीत गडबड आहे.

पण ओळखीचा आहे म्हणून जॉनर चालेलच असं नाही.

३. ही माणसं रोज उठून काय करतात?

जॉनर निवडताना लोक बहुधा जगाकडे बघतात. किती राज्यं, किती भाषा, कोणते देव, आकाशात किती चंद्र. मी आधी एवढंच विचारतो: या जगातली माणसं सकाळी उठून काय करतात? उत्तर एका वाक्यात आणि ठळक क्रियापदांत मिळालं तर पुरवणीत जीव आहे.

‘गर्प्स’चाच इतिहास बघा. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीने सुरुवातीच्या वर्षांतच ‘गर्प्स फँटसी’ काढलं. पुढे नव्या आवृत्तीत हा ग्रंथ जादूच्या जगांचा ऐसपैस आवाका घेऊन पुन्हा लिहिला गेला. त्यात कोणतंही काल्पनिक जग उभारता येतं. पण कोणतंही उभारता येतं म्हणजे नेमकं कोणतं, हे घरी बसून जीएमनेच ठरवायचं. २००७ साली त्याच कंपनीने ‘डंजन फँटसी’ ही डिजिटल पुस्तिकांची मालिका सुरू केली. विषय मुद्दाम चिंचोळा ठेवला: भुयारात शिरा, राक्षस मारा, लूट घेऊन बाहेर या. पात्रं शून्यातून घडवायची गरज नाही, २५० गुणांचे तयार साचे दिले. योद्धा हवा की जादूगार, निवडा आणि खेळायला बसा. ही मालिका इतकी वाढली की २०१७ साली तिचा स्वतंत्र, पेटीबंद खेळ निघाला. ‘फँटसी’ हा साहित्याचा जॉनर झाला, ‘भुयारात शिरून लूट आणणं’ हा टेबलाचा. पुरवणीला दुसरा लागतो.

आता ससे. १९७६ साली ‘बनीज अँड बरोज’ नावाचा खेळ आला, त्यामागे रिचर्ड अॅडम्स यांच्या ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीची प्रेरणा होती. खेळाडूंनी ससे व्हायचं. १९९२ साली त्याची ‘गर्प्स’ पुरवणीही निघाली. वरवर हा विषय फार लहान वाटतो. पण सशांनी रोज काय करायचं ते बघा: अन्न शोधायचं, शत्रूचा वास ओळखायचा, पळायचं, अंगात ताकद नाही म्हणून अक्कल चालवायची, आणि हे सगळं कळपाने करायचं. प्रत्येक गोष्टीत निर्णय आहे आणि प्रत्येकात जिवाला धोका. हजार वर्षांच्या राजवंशावळी असलेल्या कितीतरी भव्य जगांपेक्षा हे सशांचं बीळ खेळायला सरस आहे.

चोरीच्या कथांचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. सिनेमात दरोड्याची योजना आपल्याला पूर्ण दाखवत नाहीत. ऐन वेळी कळतं की पहारेकऱ्याला कालच फितवलं होतं. टेबलावर मात्र खेळाडू दोन-दोन तास योजनाच आखत बसतात, कारण काही राहून गेलं तर पात्र मरेल ही भीती असते. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने २०१७ साली यावर थेट उपाय केला. कोणती हत्यारं-अवजारं बरोबर घेतली हे आधी सांगायचंच नाही. ओझं हलकं, मध्यम की जड एवढं ठरवायचं आणि वस्तू लागेल तेव्हा काढायची. पहारेकरी समोर आला की खेळाडू म्हणू शकतो, ‘याला मी परवाच पैसे दिलेत.’ मग तो मागचा प्रसंग दोन मिनिटांत खेळायचा आणि त्याची किंमत पात्राने ताणाच्या रूपात भरायची. साधी गोष्ट असेल तर काहीच नाही, अवघड असेल तर दोन घरं किंवा जास्त. ताणाची घरं नऊच असतात, ती भरली की पात्राच्या मनावर कायमचा ओरखडा. चोरी-दरोड्याच्या जॉनरमधलं मुख्य काम हार्पर यांनी नेमकं ओळखलं: ऐन वेळी हुशार ठरणं. नियम त्याच्याभोवती बांधले.

४. पाच जणांना एकत्र काम

काही जॉनर वाचायला उत्तम असतात आणि टेबलावर रुसतात, कारण त्यांचा नायक एकटा असतो. खाजगी गुप्तहेर, सूड घ्यायला निघालेला घोडेस्वार, एकांडा हेर. टेबलावर चार खेळाडू बसलेत आणि प्रत्येकाने एकाच संध्याकाळचा वेळ काढलाय.

सायबरपंकला हा प्रश्न फार छळत आला. महाकाय कंपन्या, भाडोत्री बंदूकवाले आणि संगणकाच्या जाळ्यात शिरणारा हॅकर असं हे जग. हॅकर जाळ्यात शिरला की त्याचा आणि जीएमचा वेगळाच खेळ सुरू होतो, बाकीचे तिघे चहा करायला उठतात. १९८०च्या दशकाअखेरीस आलेले ‘सायबरपंक’ आणि ‘शॅडोरन’ हे दोन्ही खेळ पुढच्या आवृत्त्यांत हॅकिंगचे नियम आखूड आणि वेगवान करत गेले. जॉनर टिकला, कारण त्याचं बाकीचं काम टोळीचं आहे: भाड्याने काम घ्या, आत घुसा, जिवंत बाहेर पडा.

याच जॉनरच्या एका पुरवणीची कथा तर कोर्टात गेली. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने स्टीव्ह जॅक्सन गेम्सवर छापा घालून संगणक आणि ‘गर्प्स सायबरपंक’चं हस्तलिखित उचलून नेलं. संगणक-गुन्ह्यांचं हे मार्गदर्शक पुस्तक आहे, असं सीक्रेट सर्व्हिसच्या माणसांनी म्हटलं. पुस्तक पुन्हा जुळवून त्याच वर्षी छापलं गेलं, आणि १९९३ साली कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल देऊन नुकसानभरपाई दिली.

टोळीला काम मिळालं तरी आणखी एक अडचण उरते: जगात आधीपासून मोठे नायक असतात. १९८७ साली वेस्ट एंड गेम्सने ‘स्टार वॉर्स’चा खेळ काढला तेव्हा मुख्य युद्ध सिनेमाचे नायक ल्यूक आणि लेया जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग तुमच्या पात्रांनी काय करायचं? त्या पुस्तकांनी आकाशगंगेच्या कडेच्या जागा उजेडात आणल्या: तस्करांचे मार्ग, लहानसहान ग्रह, सिनेमात क्षणभर दिसून गेलेल्या जमाती. हे काम इतकं चोख होतं की लेखक टिमोथी झान नवी कादंबरी लिहू लागले तेव्हा त्यांना हीच पुस्तकं संदर्भासाठी देण्यात आली. मोठ्या नायकांचं जग घ्यायला हरकत नाही, मात्र पुरवणी त्यांच्या वाटेवरून बाजूला सरकली पाहिजे.

५. जुने नियम कुठे अडतात

मूळ पुस्तकातले नियम सगळ्या जॉनरना पुरत नाहीत. थालीपीठाची भाजणी आणि चकलीची भाजणी डब्यात सारखीच दिसते. पण थालीपीठाच्या भाजणीची चकली पाडून कढईत सोडली तर ती तेलात विरघळते. घटक बरेचसे तेच असले, तरी प्रमाण दुसऱ्याच कामासाठी बेतलेलं असतं.

रहस्यकथेचं गणित करून बघू. खुनी सापडण्यासाठी तीन पुरावे हाती लागलेच पाहिजेत आणि प्रत्येक पुरावा सापडण्याची शक्यता ७० टक्के आहे. ऐकायला बरं वाटतं. पण तिन्ही सापडण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे साधारण ३४ टक्के. दर तीन रहस्यांपैकी दोन अर्ध्यावरच अडणार. लढाईत फासा चुकला तर गोष्ट पुढे सरकते, निदान जखम तरी होते. तपासात फासा चुकला की काहीच घडत नाही. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ या नियमपद्धतीने २००७ साली हे उलटवलं: योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी गेलं की पुरावा मिळणारच, फासा टाकायचाच नाही. खेळ आहे तो पुराव्यांचा अर्थ लावण्याचा. रहस्यकथेची पुरवणी काढायची आणि हा एक नियम बदलायचा नाही, तर दोनशे पानं लिहूनही हाती काही लागत नाही.

भयकथेचा प्रश्न वेगळा आहे. खेळाडू सोफ्यावर आरामात बसलाय, त्याला भीती वाटायची कशी? लव्हक्राफ्ट या लेखकाच्या भयकथांवर बेतलेल्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या १९८१च्या खेळाने पात्राच्या मनाचा आकडा ठेवला: सॅनिटी. सुरुवातीला तो साधारण पन्नाशीच्या आसपास असतो. भयंकर काही दिसलं की शंभराचा फासा टाकायचा. तो सॅनिटीहून जास्त आला की मोठा फटका. प्रेतं खाणारा घूल दिसला आणि फासा चुकला तर एक ते सहा गुण जातात. सॅनिटी कमी झाली की पुढचा फासा चुकण्याची शक्यता वाढते, म्हणून घसरण लागली की थांबत नाही. खेळाडूला खरा धसका बसतो तो पुढच्या नियमाने: या कथांतल्या प्राचीन रहस्यांचं ज्ञान जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा खाली येते. तपास करायचा तर वाचावं लागतं, आणि वाचलं की मन जातं. लव्हक्राफ्टच्या कथांचा गाभा एका साध्या वजाबाकीत उतरलाय.

या खेळाचे कर्ते सँडी पीटर्सन यांची मूळ कल्पना पुरवणीचीच होती. लव्हक्राफ्टच्या स्वप्नभूमीवर ‘रूनक्वेस्ट’ या आधीच्या खेळाला जोडपुस्तक लिहावं, असा प्रस्ताव घेऊन ते केऑसियम या प्रकाशनाकडे गेले. हातात आला तो स्वतंत्र खेळ. मला हे फार बोलकं वाटतं. जॉनरला मूळ खेळाचा एखाद-दुसरा नियम बदलून भागत असेल तर पुरवणी काढावी. खेळाचा केंद्रबिंदूच हलवावा लागत असेल, शूर होण्याऐवजी खचत जाणं हाच खेळ असेल, तर नवा खेळच लिहावा. प्रेमकथा आणि घरगुती नाट्य पुरवणीत रमत नाहीत ते यामुळेच. लढाईसाठी बेतलेल्या नियमांत मनं जुळण्या-तुटण्याला जागाच नसते. जेन ऑस्टेनच्या जगावरचा ‘गुड सोसायटी’ २०१८ साली स्वतंत्र खेळ म्हणून आला, ते योग्यच झालं.

६. दुकानातला हिशेब

पैशाची बाजू थोडक्यात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मूळ कंपनी टीएसआर १९९०च्या दशकात एकाच वेळी अनेक जगं चालवत होती: भयाचं ‘रेव्हनलॉफ्ट’, होरपळलेल्या वाळवंटाचं ‘डार्क सन’, अवकाशातल्या जहाजांचं ‘स्पेलजॅमर’, अरबी कथांचं ‘अल-कादिम’. प्रत्येकाच्या स्वतंत्र पुरवण्या निघत. ‘डार्क सन’ खेळणारा ‘रेव्हनलॉफ्ट’चं पुस्तक घेत नसे. गिऱ्हाईक तेच, फक्त तुकड्यांत वाटलं गेलं. १९९७ साली कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे गेली. ती का डबघाईला आली याची जी कारणं पुढे सांगितली गेली, त्यांत हेही एक होतं. यातून एवढंच घ्यायचं की नवी पुरवणी आधीच्या पुरवणीचे वाचक पळवत असेल तर जॉनर कितीही चांगला असो, वेळ चुकलीय.

७. एक विषय तपासून बघू: शिवकालातले हेर

हे सगळे निकष एका जवळच्या विषयाला लावू. शिवकालावर पुरवणी काढायची आहे असं समजा.

‘शिवकाल’ एवढा विषय ‘फँटसी’सारखाच अघळपघळ आहे. माणसं रोज उठून काय करतात? काही लढतात, काही शेती करतात, काही हिशेब लिहितात. शिवाय महाराज स्वतः प्रसंगात आले की टेबलावरचे सगळे आदराने गप्प होतात आणि निर्णय घेणं थांबतं. ‘स्टार वॉर्स’चीच अडचण, इथे कितीतरी पटींनी मोठी. म्हणून कडेला सरकू आणि हेर घेऊ. बहिर्जी नाइकांचं नाव मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. हिरकणीच्या आख्यायिकेमुळे गडाचे दरवाजे संध्याकाळी बंद होतात हेही पोराटोरांना माहीत असतं. व्याख्यान द्यावं लागत नाही. काम एका वाक्यात सांगता येतं: वेष पालटून शत्रूच्या ठाण्यात शिरा, बातमी काढा, ती शिळी व्हायच्या आत परत पोचवा.

आता टोळी. हेर एकटा फिरतो, म्हणजे सायबरपंकच्या हॅकरचंच दुखणं. वासुदेव पहाटे गल्लीत जाईल, व्यापारी जकातीच्या चौकीवर, फकीर तिसरीकडे, आणि तीन खेळाडू आपली पाळी येईपर्यंत बसून राहतील. उपाय आपल्याच परंपरेत आहे: गोंधळ्यांचं पथक. एक संबळ वाजवतो, एक तुणतुणं, एक कथा लावतो, एक दिवटी धरतो. चौघे एकत्र असण्याला सबळ कारण आहे. लग्नकार्यात गोंधळ रात्रभर चालतो, म्हणजे ठाणेदाराच्या अंगणात रात्रभर बसायची परवानगीच मिळते. कथेकऱ्याने सगळ्यांना गुंगवून ठेवलं असताना दिवटीवाला तेल मागायच्या निमित्ताने आत जाऊ शकतो. चौघांना एकाच वेळी काम आहे, आणि एकाचं चुकलं की चौघे अडकतात.

मूळ नियम कुठे अडतात? लढाईचे आणि लपण्याचे नियम चालतील. नवा नियम लागेल तो बातमीच्या ताजेपणाचा. ‘ठाण्यात दोनशे स्वार आहेत’ या बातमीला ६ गुण दिले आणि रोज एक गुण कमी केला, तर चार दिवसांच्या वाटेने परत जाताना २ उरतात. आणखी एक रात्र थांबलात तर खजिन्याच्या वाटेची बातमी मिळेल, पण पहिलीची किंमत १ वर येईल. निघायचं की थांबायचं? हा वाद टेबलावर दर वेळी रंगेल. यासाठी स्वतंत्र खेळ लिहायची गरज नाही, पुरवणी पुरेल.

अभ्यास मात्र पक्का हवा. टीएसआरने १९८५ साली ‘ओरिएंटल अॅडव्हेंचर्स’मध्ये जपान, चीन आणि आसपासचं बरंच काही एकाच पिशवीत कोंबलं, त्यावर आजही टीका होते. गोंधळी हा जिवंत समाज आहे आणि गोंधळ हा कुलाचार. भवानी, रेणुका, आवाहनाचा क्रम, कोण काय वाजवतं, हे त्यातल्या जाणत्यांकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नये.

‘गर्प्स’च्या जुन्या पुरवण्या बहुधा १२८ पानांच्या असत. तेवढी पानं मिळाली तर मी सुरुवातीला शंभरेक वर्षांचा इतिहास छापणार नाही, त्यावर मराठीत उत्तम ग्रंथ आहेत. पहिली तीस पानं एकाच ठाण्याला देईन: दरवाजे, पहाऱ्याच्या वेळा, विहीर, पागा, ठाणेदाराच्या घरची माणसं आणि त्यांची आपसातली भांडणं. मग वेष आणि त्या वेषाला उघडणारी दारं, बातम्यांचा तक्ता, परतीच्या तीन वाटा. पाच तयार पात्रं, म्हणजे एखादा मित्र ऐन वेळी आला तरी दहा मिनिटांत खेळायला बसेल. इतिहासाचं प्रकरण मागे, जीएमला लागेल तेवढंच, आणि त्यात महाराजांचा उल्लेख गडावरून आलेल्या हुकमापुरता.